केस गळतात? आधी कारण शोधा, मग औषध



उसाची लागण, खोडवा, ठिबक आणि बिलाचा हप्ता सोडून या खेपेला आम्ही केसांवर लिहायला बसलो आहोत, हे पाहून काही जण हसतील. आम्हीही आधी हसलोच होतो. पण एका सभासदाचे पत्र आले आणि हसू मावळले.

पत्रातला मजकूर थोडक्यात असा: "चिरंजीव रसायनीला नोकरीस आहे. पेण तालुक्यात जिते म्हणून गाव आहे, तिथे खोली घेऊन राहतो. वय २६. दोन महिन्यांपासून केस मुठीने गळतात. म्हणतो, इथलं पाणीच वाईट. दोन ठिकाणी मुलगी पाहायला जायचं ठरलं, दोन्ही वेळा आला नाही. घरी आला तरी डोक्यावरची टोपी काढत नाही. आता एका ठिकाणी केस लावून देतात, दीड लाख लागतील, उसाचं बिल आलं की पाठवा म्हणतो. पाठवू का?"

दीड लाख म्हणजे एकरभर चांगल्या उसाचे बिल. शिवाय पोराचे लग्न अडलेले. तेव्हा हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. पण या विषयातल्या जाणकार डॉक्टरांना विचारून, माहिती पडताळून जे समजले ते इथे देत आहोत. अशाच शंका आणखीही घरांत आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे.

जित्याचे पाणी आणि बोंडगावचा गहू

कारखान्याच्या कामासाठी आमच्यापैकी दोघे पनवेलला गेले होते. येताना मुद्दाम जित्याला उतरलो. पनवेल-रोहा रेल्वेवर आपटा सोडले की जिते, पुढे हमरापूर, मग पेण. जवळच्या हमरापूर-जोह्याला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. गंमत अशी, की हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला नेणारी जी सिडकोची योजना आहे, तिचे जलशुद्धीकरण केंद्र जित्यालाच आहे. मुलाच्या खोलीवर मात्र बोअरचे पाणी. त्याने बादलीच्या कडेला बसलेला पांढरा थर दाखवला आणि म्हणाला, "बघा, हे डोक्यावर घेतो मी रोज."

क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात, गुंततात, टोकाला तुटतात. साबणाला फेस येत नाही. हे सगळे खरे. पण केस मुळापासून उपटून काढण्याची ताकद अशा पाण्यात नसते. केसाचे मूळ कातडीच्या आत असते आणि त्याला पोषण रक्तातून मिळते, वरून ओतलेल्या पाण्यातून नव्हे. आम्ही मुलाला विचारले, याच पाण्याने अंघोळ करणाऱ्या शेजाऱ्यांचे काय? तो जरा थांबला. शेजाऱ्यांचे केस शाबूत होते.

पाण्यावर पहिला संशय घेणारा तो एकटाच नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडत होते. बाया, पोरे, म्हातारे, कोणी सुटले नाही. पुढे आकडा १८ गावांत २७९ जणांवर गेल्याची नोंद झाली. तो खारपाणपट्टा, त्यामुळे आधी पाण्याचे नाव आले. मग बुरशीचे आले. कोणी शाम्पूला दोष दिला. आयसीएमआरची पथके गावांत आली, पाणी, रक्त, केस यांचे नमुने गेले.

याच वेळी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतःच्या खर्चाने त्या गावांत पोहोचले. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले असंख्य जीव वाचवणारे हेच ते डॉक्टर. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी पाण्यापाशी न थांबता लोक खातात काय ते पाहिले. रेशनवर आलेला बाहेरच्या राज्यातला गहू तपासून घेतला. त्यांच्या अहवालानुसार त्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, जे जास्तीत जास्त १.९ असावे. बाधितांच्या रक्तात ते नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट आढळले. उलट जस्त कमी होते. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागात काहींची नखेही गळू लागली. सेलेनियम अंगात फार झाले की केस आणि नखे जातात, जनावरांचे तर केस आणि खूर दोन्ही बिघडतात, हे शास्त्राला पूर्वीपासून माहीत आहे. बोंडगावच्या बऱ्याच लोकांचे केस नंतर पुन्हा उगवू लागले.

यातून आपण काय घ्यायचे? पाणी, शाम्पू, बुरशी ही नावे तोंडावर सहज येतात, पण तपासल्याशिवाय कारण कळत नाही. आपण माती परीक्षण न करता खताची गोणी फोडत नाही. डोक्याच्या बाबतीत मात्र आधी औषध आणतो आणि कारण कधी विचारतच नाही.

केस उगवतो कसा?

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग त्याचे मूळ तीन महिने विश्रांती घेते, जुना केस गळतो आणि त्याच भोकातून नवा कोंब येतो. म्हणजे ऊस तुटला तरी बुडखा जिवंत असतो आणि खोडवा फुटतो, तसेच हे. कोणत्याही दिवशी शंभरातले ८५ ते ९० केस वाढीत असतात, बाकीचे विश्रांतीत. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हा निसर्गाचा नियम आहे. दोन दिवस डोके न धुता तिसऱ्या दिवशी धुतले, तर मोरीच्या जाळीवर जास्त केस दिसतात. ते तीन दिवसांचे साठलेले असतात. त्यावरून घाबरू नये.

आता सभासदांच्या शंका एकेक घेऊ.

शंका: ताप येऊन गेला, आता केस मूठमूठ गळतात. टक्कल पडणार का?

बहुधा नाही. टायफॉईड, डेंग्यू, मलेरिया, कोविड असा मोठा ताप, बाळंतपण, मोठे ऑपरेशन, एकदम खाणे तोडून वजन उतरवणे, घरातला मोठा आघात, यांपैकी काही झाले की शरीर काटकसरीला लागते. वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मधे इतका काळ गेल्यामुळे तापाची आठवणही राहत नाही, आणि दोष येतो पाण्यावर, नाही तर नव्या साबणावर. मुळे जिवंत असतात. सहा ते नऊ महिन्यांत केस बहुतेक भरून येतात. बाळंतिणीचे केस गळतात तेही याच कारणाने. बाळ केस "ओढून घेते" असे काही नसते.

गळणे सहा महिन्यांनंतरही थांबले नाही तर रक्त तपासून घ्यावे. अंगात रक्त कमी असणे आणि थायरॉईड ही दोन कारणे विशेषतः बायकांत सापडतात. उसाला लोह कमी पडले की पाने पिवळी पडतात, तशी रक्तात लोह कमी असलेल्या बाईची वेणी बारीक होते. आपल्या घरात बाई शेवटी जेवते. तिची वेणी बारीक झाली तर तेलाची बाटली आणण्याआधी तिच्या ताटात काय पडते ते बघा.

शंका: बापाला टक्कल, म्हणून मुलालाही पडणार का?

पडू शकते. आईच्या माहेराकडून येते अशी समजूत आहे, पण ते दोन्ही बाजूंनी येते. पुरुषी संप्रेरकापासून डीएचटी नावाचा पदार्थ तयार होतो. ज्यांच्या केसांच्या मुळांना तो सोसत नाही, त्यांची मुळे हळूहळू लहान होतात. पहिला खोडवा जोमदार, दुसरा बरा, आणि सहावा-सातवा नुसती काडी, हे आपण शेतात पाहतो. तसाच दर खेपेला येणारा केस आधीपेक्षा बारीक होतो आणि शेवटी नुसती लव उरते. पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि टाळू उघडी पडते. बायकांत भांग रुंदावतो. याचा पौरुषाशी, बुद्धीशी किंवा श्रीमंतीशी काही संबंध नाही. टकल्याकडे पैसा असतो म्हणतात, पण आमच्या ऊसबिलाच्या यादीत तसे काही दिसले नाही.

शंका: डोक्यावर रुपयाएवढी गोल चकती पडली आहे.

ही चाई. किडा केस खातो हा गैरसमज आहे. शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर चालून जाते. लहान चकती असेल तर अनेकांचे केस वर्षभरात आपोआप येतात; डॉक्टर त्या जागी इंजेक्शन किंवा लावायचे औषध देतात. पण त्यावर बिब्बा लावू नका. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि जखम खोल गेली तर तिथे केस कायमचा जातो. चाईने जे जाणार नव्हते ते उपायाने जाते.

लहान मुलाच्या डोक्यावर खवले, खाज आणि तुटके केस असतील तर ते गजकर्ण समजावे. त्याला वरचे मलम पुरत नाही, पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. दुकानातून आणलेल्या स्टेरॉईड मिसळलेल्या मलमाने खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी आतून पसरते.

कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली, भोकेच दिसेनाशी झाली, किंवा आग होते, पू येतो, तर एक दिवसही दवडू नका. अशा आजारात मूळच मरते. हुमणीने बुडखा खाल्ल्यावर खोडवा फुटत नाही.

शंका: गोटा केला तर दाट येतात का? तेलाने, कांद्याच्या रसाने येतात का?

केसांची भोके जन्मतःच ठरलेली असतात, वस्तऱ्याने ती वाढत नाहीत. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून उगवताना जाड वाटतो, इतकेच. जावळ हौसेने काढा, दाट केसांसाठी नको.

तेल केसाला उपयोगी आहे, मुळाला नाही. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी दाखवले, की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी केसातल्या प्रथिनांची झीज कमी करते. म्हणजे आहे तो केस टिकतो, तुटत कमी. नवा केस मात्र तेलाने उगवत नाही. कांद्याच्या रसावर आणि इतर लेपांवर पैसे घालवण्याइतका भरवसा ठेवता येत नाही. घट्ट अंबाडा, ताणून घातलेली वेणी रोज असेल तर कपाळापाशी केस विरळ होतात. ती सैल करणे हा फुकटचा आणि खरा उपाय.

बायोटिनच्या गोळ्या हल्ली फार घेतल्या जातात. ज्याला त्याची उणीव नाही त्याला विशेष लाभ नाही. उलट थायरॉईडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे त्यामुळे चुकतात. घेत असाल तर रक्त देताना सांगा.

शंका: मग खरे औषध कोणते?

वंशपरंपरेच्या गळतीवर दोन औषधांचा उपयोग सिद्ध झाला आहे.

पहिले मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून डोक्यावर लावण्याचे औषध झाले. अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली. (बावस्करांचे प्राझोसिनही रक्तदाबाचेच. एकाच खात्यातल्या दोन औषधांचे नशीब किती वेगळे!) हे रोज लावावे लागते. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, तेव्हा घाबरून बहुतेक जण सोडून देतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात. आणि बंद केले की मिळवलेले पुन्हा जाते.

दुसरे फिनास्टेराइड. ही गोळी डीएचटी कमी करते. टक्कलासाठी तिला अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. ती फक्त पुरुषांसाठी आणि फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने. काहींच्या कामेच्छेवर, काहींच्या मनावर परिणाम होतो. तसे वाटले तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. गरोदर बाईने ही गोळी घेऊ नये आणि फुटलेली गोळी हाताळूही नये. प्रोस्टेटची रक्ततपासणी करताना ही गोळी चालू असल्याचे सांगावे, नाहीतर आकडा फसवतो.

दोन्ही औषधे जे आहे ते राखतात आणि थोडे परत आणतात. पूर्ण उजाड माळावर रान उभे करत नाहीत. म्हणून ज्याला घ्यायची त्याने लवकर घ्यावीत, आणि ज्याला नकोत त्याने खुशाल केस बारीक कापून ताठ मानेने फिरावे. तोही एक चांगला निर्णय आहे.

शंका: केस लावून घेतले तर?

केसरोपणात नवे केस तयार होत नाहीत. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस डीएचटीला दाद देत नाहीत. ते काढून पुढे लावतात. आपण उसात तुटाळी भरतो तसेच. मागचा साठा मर्यादित असतो. ऐन गळतीत, कमी वयात घाई केली तर लावलेले राहतात आणि त्यांच्या भोवतालचे मूळचे केस जातच राहतात. मग पुन्हा पैसे आणि पुन्हा खुर्ची.

ही शस्त्रक्रिया आहे, न्हाव्याचे काम नव्हे. २०१९ साली मुंबईत एका व्यापाऱ्याचा केसरोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले, की हे काम त्याचे शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावे. तेव्हा आधी विचारा: सुरी कोणाच्या हातात असेल? डॉक्टर पूर्ण वेळ हजर असतील का? भूल किती देणार? ॲलर्जी उलटली तर सोय काय? उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे जाऊ नका.

शंका: घरात कॅन्सरचे निदान झाले आहे. केस जातील म्हणून बाई उपचारालाच तयार नाही.

हे आम्हाला दोन घरांतून कळले, म्हणून मुद्दाम लिहितो. केमोथेरपीच्या सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत. ज्यांनी जातात त्यांचेही उपचार संपल्यावर बहुतेक वेळा काही महिन्यांत परत येतात. तोवर पदर आहे, रुमाल आहे, टोप आहे. केस परत येतात, दवडलेले महिने येत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला हे बसून सांगावे, आणि शेजारणींनी तोंड आवरावे.

जाहिरातीबद्दल एक शब्द

औषधांविषयीच्या १९४५ च्या नियमांना 'जे' नावाचे परिशिष्ट आहे. जे आजार बरे करतो असा दावा औषधावर करता येत नाही, त्यांची यादी त्यात आहे. त्या यादीत टक्कल आहे. तेव्हा "टक्कल हमखास जाणार, न गेल्यास पैसे परत" असे कोणी छापले असेल, तर तो पहिल्या ओळीतच नियम मोडतो आहे. अशा माणसाच्या हाती पैसे द्यावेत का, ते तुम्हीच ठरवा.

त्या मुलाचे काय झाले?

जित्याच्या खोलीत आम्ही त्याला विचारले, गळती सुरू होण्याआधी काय झाले होते? बराच वेळ काही आठवेना. मग म्हणाला, "पावसाळ्यात डेंग्यू झालेला. आठ दिवस सलाईनवर होतो." ती तारीख आणि गळतीची तारीख यांत अडीच महिन्यांचे अंतर. त्याला सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात जायला सांगितले. तिथे केसपेपरच्या पैशात डॉक्टरांनी डोके नीट तपासले आणि सांगितले, की दोन गोष्टी एकदम चालू आहेत. मूठमूठ गळती तापाची आहे, ती थांबेल. कपाळाचे कोपरे मात्र वडिलांकडून आले आहेत, ते थांबणार नाहीत. हवे असेल तर औषध लाव, आणि केसरोपणाचा विचार वर्ष-दोन वर्षे करू नकोस.

चार महिन्यांनी वडिलांचे दुसरे पत्र आले. मूठमूठ गळणे थांबले. कोपरे आहेत तसेच आहेत. दीड लाख बँकेत आहेत. मुलगा तिसऱ्या स्थळाला गेला, टोपी न घालता. मुलीकडच्यांनी केसांबद्दल विचारलेच नाही. नोकरी कायम आहे का, एवढेच विचारले. होकार अजून यायचा आहे.

आम्ही वडिलांना आधीच कळवले होते, तेच सर्व सभासदांना कळवतो. पैसे पाठवण्याआधी मुलाला डॉक्टरकडे पाठवा. आणि फोनवर केसांचे विचारण्याआधी त्याला ताप येऊन गेला होता का, जेवतो काय, झोपतो किती, हे विचारा. परगावी राहणारी पोरे आजारपण घरी सांगत नाहीत. या मुलाचा डेंग्यू घरी कळला तो त्याचे केस गेल्यावर.